सांधेवाल्याचा रविवार

मेकोसाबागेतल्या संडे स्कूलला मे महिन्यात
सात पोरं येतात, तीही कूलरच्या गारव्याला.
वाळ्याच्या ताट्या मीच सकाळी भिजवून ठेवतो.
आज ओबेदनं विचारलं,
"सर, सगळं देवानंच केलं ना?
मग वाईट काहून केलं जी?"

पाळकसाहेबांकडे याचं उत्तर तयार असतं.
मी एकतीस वर्षं रेल्वेत सांधेवाला.
मला रूळ समजतात, तेवढ्यातूनच सांगता येतं.

मोहननगरच्या मागं, पोरांनो, ते डायमंड क्रॉसिंग.
चार दिशांचे रूळ तिथं एकमेकांना कापून जातात
आणि वळत कोणीच नाही.
दिल्लीची गाडी दिल्लीला, हावड्याची हावड्याला.
खटका नाही, खटक्यापाशी माणूस नाही,
चुकायचं म्हटलं तरी जागा नाही.
देवाला सगळं जग असं घालता आलं असतं,
आज्ञाधारक लोखंडाचं.

पण त्यानं सांधे घातले.
फळ्यावर मी दोन रेघा ओढतो,
एक जाड रूळ, एक निमुळता.
निमुळत्याला आम्ही जीभ म्हणायचो.
(पोरं हसतात.)
जीभ रुळाला घट्ट चिकटली की गाडी सुखरूप.
मध्ये गिट्टीचा खडा अडकला, बोटभर फट राहिली,
की डबे खाली.
आता सांगा, ती फट कोणत्या कारखान्यात बनली?
भिलाईला रूळ बनतात. फट बनत नाही.
तिला वजन नाही, नंबर नाही,
स्टोअरच्या यादीत तिची नोंद नाही.
वाईट बहुतेक असंच असतं,
चिकटायला हवं होतं तिथं
न चिकटलेलं.

ओबेद दहा वर्षांचा आहे. त्याचं भागत नाही.
"मंग खडा कोणं टाकला?"

इथं मी खडू ठेवतो. पाणी पितो.

पोरांना न सांगितलेलं ते असं:
अजनी, शहाऐंशीचा ऑगस्ट, रात्रीचे पावणेतीन.
खटका मी ओढला. चुकीचा. डुलकीत म्हणा.
कोळशाच्या दोन वाघिणी गिट्टीत बसल्या,
मेलं कोणी नाही.
याला मी पाप म्हणत नाही.
पाप साडेतीनला आलं,
रजिस्टर उघडलं तेव्हा.
मनिराम उईके बाहेर होता, कंदील घेऊन
चाकांखाली वाकलेला.
खटका ओढणाऱ्याच्या रकान्यात
मी त्याचं नाव लिहिलं.
अक्षर सुवाच्य आलं.

त्या वेळी केबिनमध्ये कोण कोण होतं
हे मी पुष्कळदा मोजलंय.
माठ. घड्याळ. ट्यूबलाइटपाशी एक पाल.
सैतान नव्हता.
असता तर बरं झालं असतं,
चौकशीत उभं करायला कोणीतरी मिळालं असतं.
मागून कोणी ढकललं नाही, कानात कोणी बोललं नाही.
पेन उचललं आणि कागदावर टेकवलं
या दोन्हींच्या मध्ये एवढीशी मोकळी जागा होती.
ती तू दिलेली, देवा.
तिथंच उभं राहून मी लहानपणी
पहिल्यांदा तुला हाक मारली होती.
दुसरी जागा माझ्याकडे नव्हतीच.

उईके बडतर्फ झाला. इतवारीत पोती उचलली.
अजूनही दर नाताळला येतो,
करंजी खातो, दुसरी नातवासाठी खिशात घालतो,
गुडघ्यांचं सांगतो.
त्याला माहीत आहे का, मी विचारलेलं नाही.
मीच सांगावं, तेही झालेलं नाही.
हा खटका रोज हाताशी असतो,
आणि रोज मी त्याच्यावर टॉवेल वाळत घालतो.

"सर, खडा?"
"तेच शोधून राहिलो, बाप्पा."

कूलरचं पाणी संपलंय, पंखा नुसता गरम हवा फेकतो.
पोरं चपला शोधत पळतात.
आज फळा पुसायची पाळी ओबेदची.
जाड रेघ जाते, निमुळती जाते.
मग मधल्या फटीवर तो डस्टर फिरवतो,
थांबून बघतो,
पुन्हा फिरवतो.