एकसष्टावं पान

मे महिन्यात आमच्या वाचनालयाचे वाचक वाढतात,
त्याचं श्रेय पुस्तकांना देऊ नये.
अख्ख्या इतवारीत एवढा मोठा कूलर
आणि फुकट बसू देणारी खुर्ची
दुसरीकडे कुठे मिळत नाही.
माझीही तक्रार नाही. वाळ्याच्या वासात
माणूस डुलकी लागण्याआधी दोन पानं तरी उलटतो.

दर सोमवारी मी फळ्यावर लिहिते,
'या आठवड्यात हे वाचा',
आणि शनिवारी पुसते.
मधल्या दिवसांत ते पुस्तक
बहुधा जागचं हललेलं नसतं.

मोरेश्वर पराते फळा वाचत नाहीत.
टेबलाशी आले, डोक्याचा दुपट्टा सोडला,
आवाज खाली करून म्हणाले,
'मॅडम, असं पुस्तक द्या
ज्याच्यात कोनीच मरत नाही.
घरवाली मेडिकलमध्ये हाय. वाचून दाखवाचं हाय.'

अकरा वर्षं या कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडे.
कादंबरी उघडली, तिथे आई आधीच गेलेली.
प्रवासवर्णनात वाटाड्या दरीत.
चरित्रं तर सगळी एकाच दिशेने जातात.
विनोदाच्या कपाटात तिसऱ्याच पानावर
शेजाऱ्यांचा पोपट.

शेवटी लावण्या धकातेला विचारलं. पाचवीतली.
आमच्या उन्हाळी योजनेत
दहा पुस्तकांना एक रंगपेटी,
तिने आठवड्यात दोन पेट्या नेल्या.
ती फक्त शेवटचं पान वाचते, हे मला ठाऊक आहे.
नियमावलीत त्याला मनाई नाही.
बोटं मोजत तिने सांगितलं,
'याच्यात शेवटी सगळे जेवतात.
याच्यात लग्न. याच्यात कुत्रा सापडते.
मधात कोनी मेलं असंल
तर मले नाही माहीत.'

मधात.
त्या शब्दानेच असेल, हात गेला
शेतीच्या खणाकडे, मधमाशापालन,
एकशे चाळीस पानं, चौदा आकृत्या,
शेवटचा शिक्का मला नोकरी लागण्याआधीचा.

घरी नेऊन आधी स्वतः वाचलं.
फुलं, मेण, पेटी कुठल्या सावलीत ठेवावी,
साठाव्या पानापर्यंत सगळे सुखरूप.
एकसष्टावर नर माश्यांचं काय होतं ते दिलेलं,
पाच ओळींत, सरकारी भाषेत.

पान दुमडलं म्हणून पोरांकडून
दोन-दोन रुपये दंड घेणारी मी,
साठ आणि एकसष्ट समोरासमोर मिटवलं
आणि साडीची पिन लावली.

आठव्या दिवशी पराते आले.
कूलरमधलं पाणी संपलं होतं,
नुसतं पातं खडखडत होतं.
मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना,
म्हणून पुस्तकाकडे बघितलं. पिन जागच्या जागी.

'थे म्हनते, माश्या पुऱ्या झाल्या.
आता खून असलेलं एखांदं आना.
दोन असले तरी चालते.
बाजूच्या खाटेवरच्या बाईलेही ऐकाचं हाय.
अन् थे म्हनते, मॅडमले विचारून या,
पिनेच्या आत का होतं?'

सांगितलं. नर मरतात म्हणाले, हिवाळ्याआधी
बाकीच्या त्यांना पेटीबाहेर काढतात.
पराते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग दुपट्टा झटकला.
'नरच?'
'नरच.'
'मंग हे तिले नाही सांगत मी.'

तीन खुनांचं एक जाडजूड काढून दिलं.
परतीच्या तारखेचा शिक्का मारला.
'वाढवून भेटंल ना, मॅडम?'
भेटेल, मी म्हटलं, लागेल तितक्यांदा.

नियमात एकदाच बसतं.
मी बादली घेऊन कूलरकडे गेले.