चीक

सावद्याच्या बसस्टँडसमोर, रसवंतीच्या भिंतीला टेकून
माझं चार फुटांचं दुकान.
मे महिना. पत्रा तापला की
डबीतले स्क्रूसुद्धा बोटाला चावतात.

जुम्मा तडवीनं फोन काचेवर ठेवला, अलगद,
आजारी कोंबडं ठेवावं तसा.
"सकाळी शाना राह्यते," म्हणाला,
"दुपारी याले भूत लागते.
आपोआप मरते, आपोआप उठते."

खरंच उठला.
कंपनीचं नाव, बारकीशी थरथर, काळोख.
पुन्हा नाव. पुन्हा थरथर.
एखादा माणूस दारापर्यंत येतो
आणि काय सांगायचं ते विसरून मागं फिरतो, तसा.

बॅटरी काढून टेबलावर फिरवली,
फुगलेली असती तर भिंगरीसारखी फिरली असती.
नाही फिरली.
सिम काढलं. कार्ड काढलं,
त्यात पोरीचा शाळेतला नाच होता, तो निर्दोष.
सेफ मोडमध्ये सात मिनिटं नीट चालला,
आठव्या मिनिटाला डोळे मिटले.

"तापतोय," मी म्हणालो.
खानदेशात मे महिन्यात हे निदान
कुणालाही चालतं.

मग मी ते केलं
जे दुपारी तीन वाजता, घाईत, करू नये.
"रिसेट मारतो. सगळं जाईल," मी बोललो.
"जाऊ द्या ना," तो म्हणाला.
त्याला वाटलं, दुखणं.

कूलरपुढं तासभर ठेवला, एकदाही पडला नाही.
दोनशे रुपये घेतले.
भुसावळला शिकलोय मी, असंही सांगितलं, उगाच.

दुसऱ्या दिवशी अडीचला जुम्मा परत.
तो काहीच बोलला नाही.
फोन पुढं केला तेव्हा पहिल्यांदा त्याचा अंगठा पाहिला:
काळा, जाड, वर्षानुवर्षं घड कापून कापून
चीक मुरलेला.
सदरा तर सगळा तपकिरी नकाशा.

मी फोन आडवा धरला. कडेचं बटण.
टाचणीनं कोरलं तर तार सुटली,
मेणासारखी, मळकट.
केळीचा चीक.
उन्हात मऊ होऊन बटण आतच धरून ठेवणारा,
कूलरपुढं सुकून सोडणारा.
सकाळी शाना, दुपारी भूत.
हे त्यानं पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं.

कापूस, थोडं स्पिरिट, चार मिनिटं.
बटण टक् वाजलं, नव्यासारखं.

"आता हजेरी दाखवा," जुम्मा म्हणाला.
कोणती हजेरी?
"सतरा मान्सांची. मईन्याची. मोबाइलातच व्हती."

रसवंतीचा चरक तेवढा वेळ बंद होता
की मलाच ऐकू येत नव्हतं, माहीत नाही.
मी सांगितलं. कालचा 'सगळं' हा शब्द
पुन्हा उच्चारावा लागला.

तो स्टुलावर बसला. पाणी प्याला.
"घ्या लिवून," म्हणाला.
"इस्माईल, चोवीस. रुबाब, बावीस, त्यातला एक अर्धा,
पायावर घड पडला व्हता.
दिलदार पावरा, एकोनीस, मंग गावी गेला, सासरा वारला.
छबीर, पंचवीस. त्याचा पोरगा, अकरा…"

मी टाइप करत राहिलो, अंगठे अडखळत.
त्याचा आवाज कुठंच अडखळत नव्हता.

"पाठ आहे, तर मोबाइल कशाला?"
"मले पाठ हाये. मालकाले दिसलं पाह्यजे."

सतरावं नाव आलं. नबाब.
इथं मात्र तो थांबला.
डोळे मिटून बोटांची पेरं मोजली,
काळी, चिकट, एकेक.

"नऊ का दहा, नक्की नई."

बाहेर ट्रकवर पानांचा थर टाकत होते कुणी.
फोन माझ्या हातात जागा होता.
त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग दोनशे रुपयांकडं,
जे मी केव्हाच काचेवर काढून ठेवले होते.

"दहा लिवा."

मी दहा लिहिले.