आईची गाय

बापे ओसरीत बसलेत, मी स्वयंपाकाच्या खोपीत.
मुलीची बोलणी चालू असताना आईनं तिथं फिरकायचं नसतं,
म्हणून आईला सगळं ऐकू येतं.

मुलाकडून गिव्हमोर आलाय, मध्यस्थ.
ज्याच्या नावातच 'आणखी द्या' आहे
असा माणूस घासाघीस करायला कुणी पाठवतं का?
बूट दाराबाहेर काढून तो जमिनीवर बसलाय,
पुढ्यात आमचं लाकडी ताट, कडेला चीर गेलेलं.

आधी तोंड उघडण्याचे पैसे.
ते पडेपर्यंत आमच्यातले थोरले मुके असतात,
एरवी ज्यांना गप्प करायला बैल लावावे लागतात ते.
मग 'आमची मुलगी तुम्हाला दिसली कुठे' याचे.
मग दंड, टाळी चुकली म्हणून:
पुरुषानं तळवे सपाट जुळवायचे, खोलगट टाळी बाईची.
गिव्हमोर हरारेत वाढला, त्यानं खोलगट वाजवली.
पाच डॉलर.
मी मडक्यात तोंड घालून हसले.

खिशात हात घालायचा तर हा फोनमध्ये घालतो.
दिराच्या फोनवर टुण्ण वाजतं,
थोरले चष्मा शोधतात, आकडा हळू वाचतात,
आणि ताट आपलं रिकामंच.
शेवटी तेते मुचानेतानं त्यात शेंगा टाकल्या,
म्हणाली, रिकाम्या ताटापुढे बोलणं बरं दिसत नाही.

माझ्या पणजीसाठी लोखंडी कुदळी आल्या होत्या म्हणे.
एक अजून आहे माळ्यावर, अर्धी झिजलेली.
कुणी मागितली तर मी देत नाही.

दुसरा एक फोन चटईवर पालथा ठेवलाय.
त्यात ताकुंदा आहे, लीड्सहून,
म्हाताऱ्यांची रात्रपाळी उरकून आलेला.
जावयानं आज दिसायचं नसतं
म्हणून पालथा.
पण ऐकतोय तो.
एका घरात दोघं चोरून ऐकणारे,
एक चुलीशी, एक समुद्रापार.

मग माझ्या गाईवर गाडी आली.
गिव्हमोर म्हणाला, पाचशे डॉलर धरा,
आणि हा फोटो बघा, अशी गाय समजा.
समजा!
बापाच्या गाईंचे पैसे होतात, होऊ देत.
आईची गाय जितीजागती लागते,
ती आईच्या आईकडच्या पितरांची असते,
आणि पितरांना फोन नाही.
मी आतूनच ओरडले,
'हंबरते का विचारा!'

क्षणभर सगळे गप्प.
मग पालथ्या फोनमधून फस्सकन हसू.
ज्यानं दिसायचं नव्हतं तो ऐकू आला.
दहा डॉलर दंड.
शामिसोनं तोंडावर ओढणी घेतली,
पण डोळे उघडेच होते.
तेव्हाच मी तिला मनातून दिली.

तिसऱ्या आठवड्यात पिकअपमधून कालवड उतरली,
तांबडी, कानात पिवळा बिल्ला, सोबत पावती.
एक रात्र माझ्या दारात बांधली.
माझ्या लग्नातली माझ्या आईची गाय
'पुढच्या वर्षी' आली नाही.
एकतीस वर्षं पुढचं वर्षच चालू होतं,
मग नवराच गेला, वर्ष मागे ठेवून.
सकाळी कालवड सोडली
आणि देवुरे नदीच्या वाळूतून पायी पायी
आईच्या गावाला घेऊन गेले.

आईला आता कमी दिसतं.
तिनं कान चाचपला, बिल्ला चाचपला.
'हे काय?'
'नंबर आहे तिचा.'
'नंबराला हाक कशी मारू? नाव सांग.'
मला पटकन दुसरं सुचलं नाही.

शामिसो जानेवारीत विमानात बसली.
रविवारी तिचा फोन येतो, कधी येत नाही.
आणि रोज दिवस कलला की
माझी आई कुंपणाशी उभी राहून ओरडते,
लीड्स, ए लीड्स!
आणि लीड्स
तोंडातला चारा तसाच घेऊन
सावकाश घरी येते.