अन्य कोणत्या नावाने ओळखले जाता का?

धुळ्याच्या मोठ्या पोस्टात
पासपोर्टची खिडकी कूलरच्या पलीकडे,
म्हणजे गार वारा लागतो तो फक्त फायलींना.
माझं टोकन अठ्ठावीस. बाहेर चैत्रातच बेचाळीस.

मांडीवर लग्नाचा दाखला, नवं आधार,
दोघांचा एकत्र फोटो, त्यात हेमकांतचे डोळे अर्धे मिटलेले,
आणि जुना पासपोर्ट,
सात वर्षांत कुठेच न गेलेला.

अप्पांनी काढायला लावला होता.
लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायचे मी तेव्हा,
पहिला पगार झाला तसे म्हणाले,
"असू दे घरात. दार असलं म्हणजे झालं,
उघडायचं का ते मग बघू."

"फक्त आडनाव ना?" खिडकीतल्या बाई.
मधलंही, म्हटलं.
नूतन दगाजी बोरसे आहे,
नूतन हेमकांत भामरे करायचंय.
तीनांतलं एकच जुनं राहतंय
आणि तेच नूतन.
बाई हसल्या नाहीत.
त्यांना जेवणाआधी साठ उरकायचे होते.

सही. चौकटीच्या आत.
बोरसेतल्या से ची मात्रा
मी मागे ओढत न्यायचे, पार ब च्या डोक्यावरून.
कॉलेजच्या वहीत महिनाभर घोटलेली सही.
भामरेतल्या रे लाही मात्रा आहे,
तेवढं एक बरं झालं.

अर्जात एक रकाना होता :
अन्य कोणत्या नावाने ओळखले जाता का?
मी "नाही"वर खूण केली होती.

मग त्यांनी कात्रीने जुन्याचा कोपरा कापला
आणि ठप्पा मारला : रद्द.
त्याच्या आयुष्यातला पहिला शिक्का.

बाराव्या दिवशी शिंदखेड्याहून पोलीस आला बेटावदला.
मी गच्चीवर बिबडे थापत होते,
कोपरापर्यंत घाटा.
खाली गिरणीपाशी तो विचारत होता,
"नूतन भामरे कुठे राहतात?"
गिरणीवाल्याने पट्टा थांबवला.
"आमना गावमा तशी कोनी नही."
"भामरेस्ना पंधरा घर शेतस," किराणावाला म्हणाला,
"पन नूतन?"

मी कठड्याशी गेले.
हाक मारायला तोंड उघडलं
आणि कुणाच्या नावाने मारावी ते सुचेना.

समोरच्या ओट्यावरून सोनगीरवाली काकू उठली.
"कागदवर आखो काय लिखेल शे?"
त्याने वाचलं : जन्मस्थान पारोळा.
"मंग तसं सांग ना भो! पारोळावाली!
आठेच ऱ्हास ती, वर देख."
सगळी गल्ली वर बघायला लागली.
सात वर्षांपूर्वी पारोळ्यातही असाच एक आला होता,
तेव्हा गल्लीने सांगितलं होतं,
दगा अप्पानी पोर.

साक्षीदार लागतात. काकू पुढे झाली.
"नाव?"
ती गप्प.
पोलिसाने पेन हलवलं.
"थांब," म्हणाली, आत गेली,
पत्र्याच्या डब्यातून आधार कार्ड घेऊन आली
आणि त्याच्याच हातात दिलं.
त्याने मोठ्याने वाचलं : केवळबाई.
चार वर्षं झाली मला या गल्लीत,
मी ते तेव्हा ऐकलं.

नवा पासपोर्ट आला परवा.
पोस्टमनने खालूनच ओरडून सांगितलं,
"पारोळावालीनं पाकीट!"
काकूने पदराला हात पुसले, पानं उलटली,
फोटोवर नाही, अक्षरांवर बोट ठेवलं.
"तुनं गाव ऱ्हायनं का त्यामा?"
राहिलं काकू. हे बघा, छापलंय.

बोट तिथेच ठेवून ती म्हणाली,
"मनं सोनगीर कोठेच लिखेल नही."

कपाटात तो जुना होता, कोपरा कापलेला,
जवळजवळ सगळी पानं कोरी.
मी पेन शोधायला उठले.