सहा फुटी

नाना पेठेत, सायकलींच्या सुट्या भागांच्या दुकानांमागे
एक बोळ आहे. तिथे खोगीर, लगाम, वेसणी,
लग्नाच्या घोड्यांसाठी आरसे लावलेल्या झुली.
मी विचारलं, "चाबूक मिळेल?"
वाघचौऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
"घोड्याला की बैलाला?"
"मला."

ते हसले नाहीत.
हसले असते तर मी तशीच घरी गेले असते
आणि पुढे जन्मभर काही मागितलं नसतं.

सांगितलं सगळं: वय सत्तेचाळीस, उजवा खांदा आखडलेला,
शिवाजीनगर कोर्टात टंकलेखक,
सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या जबान्या.
मोबाइलवर एक बाई पाहिली, एकटीच मैदानात उभी,
हवा फोडत होती.
पैसे? दीड हजार. फार तर सोळाशे.

"मग कातड्याचं नाव काढू नका.
एवढ्यात मिळतं ते वरून कातडं, आत पुठ्ठा.
एकदा भिजला की त्याचं भजं.
नायलॉनचा न्या. भिजला तरी रुसत नाही.
पोरं येतात, दहा फुटी मागतात,
आठवड्यात कान धरून परत.
तुम्हाला सहा फूट. बास."

मूठ संपते तिथे माझाच अंगठा दाबून धरला:
"इथे खुळखुळला तर घ्यायचा नाही.
माझ्याकडचा असला तरी."
मग पदर मोजायला लावले. नखाने मोजले, बारा.
शाळेच्या घाईत घातलेल्या वेणीसारखे
कुठे सैल, कुठे घट्ट नव्हते.
मुठीशी अंगठ्याएवढा, निमुळता होत होत
उंदराची शेपटी, आणि टोकाला गोंडा.
"हा झिजणार. आठ रुपयांचा दोरा, घरी बांधायचा.
आवाज ह्याचा. बाकीचे सगळे हमाल."

वर खिळ्याला एक जाड आसूड होता,
अंबाडीचा, तेलाने काळा पडलेला.
"तो केवढ्याला?"

त्यांनी आधी माझा चाबूक गुंडाळला, कागदात बांधला.
"वडलांचा. पोतराज होते.
आई पुढे, डोक्यावर मरीआई.
हे मागे, दारोदार, स्वतःच्याच पाठीवर.
लोक म्हणायचे, नुसता आवाज असतो, लागत नाही.
रात्री आई हळद लावायची.
सोळाव्या वर्षी मी केस कापले.
पण हाताला वळायचं तेवढंच ठाऊक होतं."
मग पावतीबुक ओढलं. "नाव?"
"उज्वला केंजळे."
सोळाशे पन्नास. वरचे पन्नास सोडले,
"डोळ्यांना गॉगल घ्या त्याचा.
आणि जोर लावू नका. जोर लावला की
तो तुमच्याकडेच येतो."

म्हात्रे पुलाखाली, नदीपात्रात, पहाटे साडेपाच.
तीन दिवस नुसती फडफड,
दोरीवर ओला टॉवेल वाळत घातल्यासारखी.
चौथ्या दिवशी पोटरीवर लाल रेघ.
रात्री हळद लावताना
मला त्या बाईचं नावही विचारलं नव्हतं
हे आठवलं.
"भाजलं का?" नवऱ्याने विचारलं.
"हो," म्हणाले. उगाच.

अकराव्या दिवशी मी चाबकाचा विचारच करत नव्हते.
डोक्यात साक्षीदार क्रमांक चार होता,
ज्याने प्रत्येक प्रश्नाला "आठवत नाही" म्हटलं
आणि मी सतरा वेळा ते टाइप केलं.
हात सहज वर गेला, सहज खाली आला
आणि

बगळे उडाले.
पलीकडे रिक्षा धुणारा माणूस उभा राहिला.
"काय फुटलं हो?"
मला सांगता आलं नाही.
खांदा बघितला, जागेवर होता.
गोंडा बघितला. पिंजारला होता.
आठ रुपये.