थांब म्हटलं होतं

तेराशे बाराव्या ओळीवर कर्सर मेला.
म्हणजे, मेला असं मला वाटलं.
लुकलुकायचा बंद झाला, एवढंच खरं.

बाहेर क्लाक्सविकचं बंदर,
दुपारी साडेतीनपासूनच काळोख,
आणि पहाटे वारा फिरणार म्हणून
स्वीनोयच्या फेरीचा नियम
मला आज रात्रीतच बदलायचा होता:
वारा अमुक, लाट तमुक,
तर फेरी रद्द, तर बेटावर सगळ्यांना निरोप,
तर पाव नाही, टपाल नाही,
आणि दातांचा डॉक्टर पुढच्या आठवड्यात.

एस्केप दाबलं. पुन्हा एस्केप.
मग बाण, मग एंटर, मग तळहाताने सगळाच कीबोर्ड.
एडिटर ढिम्म.

दुसरी खिडकी उघडून नाडी पाहिली.
प्रोसेसर शून्य टक्के. मेमरी पुरेशी. डिस्क अर्धी रिकामी.
यादीत त्याच्या नावापुढे एकच अक्षर, झोपलाय.
झोपलेल्याला उठवता येतं,
सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?

संशयित पुष्कळ.
कंस रंगवणारं नवं प्लगिन,
जे एयदुनने माझ्या गळ्यात मारलं.
भरतीओहोटीचे आकडे,
कुणीतरी एकाच ओळीत ओतलेले, चाळीस हजार.
तोर्शहावनमधला सर्व्हर, जो वाऱ्याला माझ्याआधी घाबरतो.
एकेकाची झडती घेतली, एकेकाला सोडून दिलं.
कुणी ताकास तूर लागू देईना.

राहिला नऊ नंबरचा सिग्नल.
त्याच्यापुढे अपील नाही.
पाऊण तासाचं काम सेव्ह नव्हतं
आणि बोट एंटरच्या वर तरंगत होतं,

तेव्हा हानुस आला, किल्ल्या वाजवत.
आता रात्रपाळीचा रखवालदार,
त्याआधी एकतीस वर्षं किनाऱ्यावरच्या रेडिओ स्टेशनात.
त्याने स्क्रीनकडे पाहिलंच नाही.
विचारलं, "शेवटचं काय दाबलंस?"

"सेव्ह. कंट्रोल आणि एस. बोटांची सवय."

"एस म्हणजे थांब.
टेलिप्रिंटरच्या जमान्यातला शब्द आहे.
समोरचा फार वेगाने पाठवायला लागला
की आपण म्हणायचं: थांब, मला आवरू दे.
आवरलं की म्हणायचं क्यू. चल.
तू थांब म्हणालीस. तो थांबला.
आता शिव्या कसल्या देतेस?"

मी क्यू दाबला.

आणि स्क्रीन भडाभडा बोलायला लागली.
बाणांच्या उड्या, रिकाम्या ओळी,
तळहाताखाली चेंगरलेली अक्षरं,
आणि स्वीनोयच्या नियमाच्या ऐन मध्यावर,
कधी टाइप केलं ते मलाही आठवेना:
उठ ना रे बाबा
आणि त्याखाली एक शब्द
जो मी आईसमोर उच्चारत नाही.

सगळं ऐकत होता तो. दाखवायची मनाई होती फक्त.

हानुस खिडकीबाहेर बघत राहिला,
सभ्यपणे, तो शब्द वाचून झाल्यावर.
मग म्हणाला, एका जानेवारीत
मी एका ट्रॉलरला सांगितलं, थांब,
दुसरा चॅनल बघून येतो.
आणि विसरलो.
वीस मिनिटं. खाडीच्या तोंडाशी, बर्फ पडत असताना.
एकदाही बोलला नाही तो कप्तान.
दुसऱ्या दिवशी धक्क्यावर भेटला,
मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणतो,
"तू थांब म्हणाला होतास."

किल्ल्यांचा आवाज जिन्याने खाली गेला.

एकेक यू दाबत सगळा कचरा पुसला.
तो शब्दसुद्धा. जरा जड गेलं.
मग नियम पुन्हा वरून खाली वाचला:
वारा अमुक, लाट तमुक, रद्द, निरोप.
पुढे कंस मिटलेला.

नऊ वर्षं हा प्रोग्राम चालतोय.
वारा पडल्यावर बेटाला काय सांगायचं
हे त्यात कुणी लिहिलंच नव्हतं.

तेराशे तेरावी ओळ.
कंस उघडला.