हुकाचं भोक

साखरतरच्या खाडीकाठी तीन ट्रक उभे.
पहिल्याचा रंग बोटाला लागेल इतका नवा.
यासीनने चॅसीवर पान्याची मूठ आपटली:
खण्ण नाही, भद्द.
खाऱ्या वाऱ्याने आतून खाल्लेली.

दुसऱ्याचं इंजिन आम्ही यायच्या आधीच गरम.
"सकाळी जरा फिरवला," मालक म्हणाला.
यासीन नुसता हसला.

तिसऱ्याला एक आरसा नाही,
दाराला काथ्याची दोरी.
पण थंडगार असून अर्ध्या सेल्फला उठला,
काळा धूर एकदाच, खाकरल्यासारखा.
मी मागे वाकलो.
हुकाचं भोक झिजून लांबट झालेलं.
"फक्त आंबेच वाहिले हो यानं," मालक घाईघाईने.

आंब्याने लोखंड असं झिजत नाही.
माझी होडी बत्तीस फुटी,
वाटेत भोस्ते घाट.
मला ओढलेलाच हवा होता.

आरशाचे दोन हजार मात्र कापून घेतले.